लठ्ठपणाची जनुकं आणि आपलं ताट: इंदूरच्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

इंदूरमध्ये मी आहारसल्ल्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी घरं बरीच आहेत. कोणी समोर बसून विचारतं, कोणी रात्री अकराला फोनवर लिहून पाठवतं, आणि हल्ली सगळ्यांची गाडी एकाच मुद्द्यावर येते: जाडी रक्तातच असेल तर खाण्याची आवडही रक्तातच असते का? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे तसा उल्लेख आहे.

१. ताई, जाडी आनुवंशिक असते हे पटतं. पण मी काय खायचं हे जनुक कसं ठरवणार? हात तर माझाच आहे ना?

हात तुमचाच आहे, पण तो डब्याकडे किती वेळा जातो यात भुकेचा वाटा मोठा असतो. वजनाशी जोडलेली पुष्कळशी जनुकं मेंदूत काम करतात, विशेषतः हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात. भूक लागली की नाही, पोट भरलं की नाही, याचा हिशेब तिथे होतो. रिकाम्या पोटातून घ्रेलिन हे संप्रेरक ‘भूक लागली’ असं कळवतं. शरीरातली चरबी लेप्टिनमार्फत ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवते. हे निरोप ऐकण्यात माणसामाणसांत जन्मतः थोडा फरक असतो. एकाला दुसऱ्या पोळीनंतर ‘आता पुरे’ वाटतं, दुसऱ्याला चौथीनंतरही ‘अजून अर्धी’ वाटते.

म्हणजे जनुक ‘कचोरी खा’ असं सांगत नाही. तृप्ती किती लवकर येते, खवखव किती वेळात परत सुरू होते आणि समोर दिसलेलं खाणं किती ओढतं, इतपतच त्याची पोच असते.

२. मग वजनात जनुकांचा वाटा किती? कोणी सत्तर टक्के सांगतं, कोणी चाळीस.

जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून ४० ते ७० टक्के असा आकडा येतो. त्याचा अर्थ मात्र नीट घ्यायला हवा. तुमच्या दहा किलो जादा वजनातले सात किलो जनुकांचे, असा तो हिशेब नाही. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला किती भाग आनुवंशिक फरकांशी जुळतो, एवढंच तो सांगतो.

१९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचा बांधा जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होता, वाढवणाऱ्यांशी नाही. ‘घरात तसं खातात म्हणून पोरं तशी’ हे आपलं ठरलेलं वाक्य त्यानंतर थोडं जपूनच वापरायला हवं.

३. एफटीओ, एमसी४आर ही नावं ऐकतो. ही नेमकी काय आहेत?

एफटीओ हे १६व्या गुणसूत्रावरचं जनुक. लठ्ठपणाशी त्याचा संबंध २००७ मध्ये समोर आला. त्यातल्या एका जागेवर ‘ए’ किंवा ‘टी’ असं अक्षर असतं आणि प्रत्येकाला आईकडून एक, वडिलांकडून एक प्रत मिळते. दोन्ही प्रती ‘ए’ असणारे लोक, एकही ‘ए’ नसणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन किलोने जड आढळले. युरोपीय वंशाच्या प्रौढांत असे दोन प्रतींचे लोक साधारण १६ टक्के निघाले, म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

एमसी४आर हे १८व्या गुणसूत्रावर आहे. मेंदूत तृप्तीचा निरोप पोचवण्याच्या वाटेवरचं ते एक महत्त्वाचं ठाणं. त्याच्या शेजारचे छोटे फरक अनेकांत असतात आणि त्यांचा परिणामही छोटा असतो. खुद्द जनुकच बिघडलेलं असेल तर परिणाम मोठा, पण तसे लोक कमी (प्रश्न ५ पाहा). तिसरं नाव बीडीएनएफ, तेही मेंदूतलंच.

अशा जागा दोनचार नाहीत. २०१८ मध्ये सुमारे सात लाख लोकांच्या माहितीतून ९४१ जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून माणसामाणसांतल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) फरकातला जेमतेम ६ टक्के भाग समजावतात.

४. या जनुकांमुळे मोठी माणसं नक्की काय जास्त खातात? गोड, तळलेलं, की नुसतं जास्त?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

अमेरिकेत टाइप-२ मधुमेह आणि जादा वजन असलेल्या दोन हजारांवर प्रौढांच्या खाण्याच्या नोंदी त्यांच्या जनुकांशी ताडून पाहिल्या गेल्या. २०१२ मध्ये ते निष्कर्ष आले. एफटीओचा जोखमीचा प्रकार असणारे लोक दिवसातून जास्त वेळा खात होते. जेवणं आणि मधली खाणी मिळून त्यांचा आकडा वर होता, आणि त्यांच्या कॅलरींतला चरबीचा वाटाही जास्त होता. बीडीएनएफचे काही प्रकार असणाऱ्यांच्या ताटात दूधदुभतं जास्त होतं, तसंच मांस, अंडी, दाणे आणि डाळी यांच्या गटातले पदार्थही. दिवसाला साधारण १०० कॅलरी जास्त.

शंभर कॅलरी म्हणजे किती? आपली शेव घ्या. वीस ग्रॅमच्या आतबाहेर शेवेत शंभर कॅलरी होतात. पोह्यांवर भुरभुरलेली एक मूठ आणि वर ‘अजून थोडी’ म्हणून घेतलेली चिमूट. माणूस इतक्या थोडक्यावर जाड होत नाही असं वाटतं, पण तो रोज खातो, वर्षानुवर्षं खातो.

‘जास्त वेळा’ हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण माझ्याकडे येणारे रोजचं खाणं ज्यांत लिहितात त्या बहुतेक वह्यांत तोच सापडतो. जेवण बेताचं असतं. पण सकाळी चहाबरोबर टोस्ट, अकराला चिवडा, चारला परत चहा आणि शेव, रात्री जेवण झाल्यावर गूळ-दाणे. लंडनमधल्या एका प्रयोगात (२०१३) याचं एक कारण दिसलं. एफटीओच्या दोन्ही प्रती ‘ए’ असणाऱ्या पुरुषांत जेवणानंतर घ्रेलिन इतरांइतकं खाली येत नव्हतं आणि भूकही तितकी शमत नव्हती. पोट भरलं पण मन भरलं नाही असं जे आपण म्हणतो, त्यामागे रक्तात मोजता येईल असं काहीतरी असू शकतं. अशा माणसाला ‘हावरट’ म्हणणं मी माझ्या खोलीत कोणालाही करू देत नाही, घरच्यांना तर मुळीच नाही.

५. चरबीची आवड खरंच जन्मजात असू शकते? जिभेला कळत नसतानाही?

असू शकते, आणि हे ज्या प्रयोगातून दिसलं तो आपल्या ओळखीच्या पदार्थाचा आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी (२०१६) लोकांना चिकन कोर्मा खाऊ घातला. तीन भांडी. दिसायला आणि चवीला होता होईल तो सारखी, पण एकात २० टक्के कॅलरी चरबीच्या, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०. आधी प्रत्येकातलं थोडं चाखायचं, मग हवं तेवढं खायचं.

ज्यांचं एमसी४आर जनुक बिघडलेलं होतं, त्यांनी सर्वांत तुपट कोर्मा सडपातळ लोकांपेक्षा ९५ टक्के जास्त खाल्ला आणि इतर लठ्ठ लोकांपेक्षा ६५ टक्के जास्त. एकूण खाल्लेलं मात्र तिन्ही गटांत सारखंच भरलं. कुठला कोर्मा जास्त आवडला, यातही गटागटांत फरक नव्हता. जिभेला पत्ता नाही आणि हात बरोबर त्याच भांड्याकडे!

गोडाचं उलट झालं. स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा एक इंग्रजी गोड पदार्थ कमी, मध्यम आणि जास्त साखरेचा करून दिला, तेव्हा याच लोकांना जास्त साखरेचा प्रकार इतरांपेक्षा कमी आवडला. म्हणजे चरबीची ओढ आणि साखरेची ओढ एकाच दोरीला बांधलेल्या नाहीत. जिलबी नको म्हणणारा माणूस गराडूची (तळलेल्या कंदाची) दुसरी प्लेट मागतो, हे आपण थंडीत पाहतोच. अर्थात तेवढ्यावरून त्याचं जनुक ओळखू नका. शंभर लठ्ठ माणसांत साधारण एकाचंच एमसी४आर असं बिघडलेलं असतं.

६. मग स्वयंपाकात काय बदलू? भाजीतलं तेल कमी केलं की घरात सगळे नाकं मुरडतात.

तेल डोळ्यांनी मोजू नका, पिशवीने मोजा. रामबागेतल्या एक काकू मला ठामपणे म्हणाल्या, ‘आमच्याकडे तेल नावालाच असतं.’ मी विचारलं, लिटरची पिशवी किती दिवस जाते? चौघांत पाच दिवस. म्हणजे माणशी रोज ५० मिलिलिटर, चारशेहून जास्त कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूप, दाण्याचं कूट आणि बाहेरचं खाणं वेगळंच. काकू गप्प झाल्या आणि बोटांवर परत हिशेब करू लागल्या.

आम्ही भाज्या बदलल्या नाहीत. पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घालायची आणि ती आठ दिवस पुरवायची, एवढंच ठरवलं. फोडणीला पळी जाऊन चमचा आला. पहिल्या आठवड्यात काकांनी तक्रार केली, तिसऱ्यात त्यांना आठवणही राहिली नाही.

ज्याला मधल्या वेळी खवखव होते त्याच्यासाठी खाण्याची जागा बदला. शेवेचा डबा जेवणाच्या टेबलावरून उचलून माळ्यावर गेला की फेऱ्या आपोआप कमी होतात. सकाळच्या खाण्यात मोडाची उसळ, दही किंवा अंडं असेल तर प्रथिनं मिळून भूक जास्त वेळ थांबते. आपले इंदुरी पोहे वाफेवर राहतात, त्यात मुळात तेल बेताचंच असतं. ते खुशाल खा, वरची शेव मोजून घ्या.

७. आम्ही दोघे भाऊ एकाच घरात वाढलो. तो रोज दोन कचोऱ्या खाऊन सुकट आणि मी पाण्याने फुगतो. असं कसं?

सख्ख्या भावांत सरासरी निम्मीच जनुकं समान असतात, त्यामुळे भूक आणि साठवण दोन्ही वेगळी असू शकतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस रोज हजार कॅलरी जास्त दिल्या. शंभर दिवसांनी कोणाचं वजन ४.३ किलोने वाढलं होतं, कोणाचं १३.३ किलोने. खाणं सगळ्यांना सारखंच जादा होतं. पण एका जोडीतले दोघे भाऊ बहुधा सारखेच वाढले.

पाण्याने मात्र कोणी फुगत नाही. तुमची दिवसभराची नोंद एकदा प्रामाणिकपणे करून पाहा (प्रश्न १३).

८. आपण भारतीय यात वेगळे आहोत का? माझा बीएमआय २४ आहे, तरी डॉक्टर वजन उतरवा म्हणतात.

डॉक्टर बरोबर सांगताहेत. आपल्याकडे २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० ही मर्यादा.

याचं कारण समजून घ्यायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र पुरेसं आहे. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. काटा सारखाच, आतला माल वेगळा.

जनुकांचं म्हणाल तर लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात (२००८) एमसी४आरशेजारचा एक प्रकार कमरेच्या घेराशी आणि इन्सुलिन नीट न लागू पडण्याशी जोडलेला दिसला. पुणे आणि म्हैसूर इथल्या लोकांत एफटीओचा मधुमेहाशी घट्ट संबंध आढळला (२००९), आणि तो सगळाच्या सगळा वजनातून आलेला नव्हता. म्हणून आपल्या घरांत ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं.

९. रात्री सराफ्यात गेलं की कोणाचा ताबा राहतो? हा दोष जनुकांचा की शहराचा?

दोघांचा, आणि ते एकमेकांना बळ देतात. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, गराडू आणि भल्यामोठ्या जिलब्या मांडल्या जातात, तेही मध्यरात्र उलटेपर्यंत. ज्याची तृप्ती उशिरा येते त्याला वीस पावलांत वीस आमंत्रणं.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथल्या कुटुंबांची माहिती तपासली तेव्हा एफटीओचा वजनावरचा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांत जास्त ठळक दिसला. जनुक तेच, आजूबाजूचा जमाना बदलला. २०१४च्या आणखी एका अभ्यासात वजनाशी जोडलेल्या ३२ जनुकीय जागांची बेरीज करून पाहिली. ज्या स्त्रिया आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा तळलेलं खात, त्यांच्यात प्रत्येक दहा जोखमीच्या प्रतींमागे बीएमआय १.१ने वाढलेला होता. आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांत तोच आकडा ०.५ होता.

सराफा सोडा असं मी कोणाला सांगत नाही. पाहुणे आले की मीही नेते. पण जेवूनखाऊन जा, एकेक प्लेट चौघांत घ्या, आणि हे महिन्यातून कितीदा होतं ते आधी ठरवा. किती वेळा खातो याने फरक पडतो, ते वर आलंच.

१०. रोज फिरायला जाते. त्याने जनुकाचा परिणाम पुसला जातो का?

पुसला जात नाही, कमी होतो. २०११ मध्ये दोन लाख अठरा हजारांवर प्रौढांची माहिती एकत्र केली, तेव्हा हालचाल असणाऱ्यांत एफटीओमुळे वाढणारी लठ्ठपणाची शक्यता २७ टक्क्यांनी कमी दिसली. फिरणं चालू ठेवा. परतताना पोहे-जिलबीच्या गाडीवर थांबणं तेवढं रोजचं करू नका.

११. उपवास केल्याने भूक आटोक्यात येते का? मी गुरुवार आणि चतुर्थी करते.

तो तुमच्या श्रद्धेचा भाग असेल तर जरूर करा. वजनासाठी करत असाल तर एकादशी आणि दुप्पट खाशी होऊ देऊ नका. साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तूप एकत्र आले की नेहमीच्या जेवणापेक्षा जड होतं, आणि ज्यांची भूक लवकर परतते ते संध्याकाळी उपवास सोडताना दुपटीने खातात. भगर, ताक आणि काकडीची कोशिंबीर बरी.

१२. लाळ पाठवून जनुकतपासणी करतात, त्यावरून ‘तुमच्यासाठी योग्य आहार’ सांगतात. करून घेऊ का?

वजन उतरवण्यासाठी म्हणून पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ चाचण्यांतल्या साडेनऊ हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली (२०१६), तेव्हा एफटीओची जोखीम असणारे आणि नसणारे सारखंच वजन उतरवू शकले. ही आनंदाची बातमी आहे, पण कोणी ती जाहिरातीत छापत नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिष्टाचा आहार दिला (२०१८). ‘या जनुकाला हा आहार’ अशी जोडी जमवून कोणाचं वजन जास्त उतरलं असं दिसलं नाही. आणि ९४१ जागा मिळून किती समजावतात ते प्रश्न ३ मध्ये आहेच.

आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या प्रयोगात लोकांना एफटीओचा अहवाल दिला, पण तो खरा असेलच असं नव्हतं. कोणाला काय सांगायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. ‘तुमचं जनुक तुम्हाला जपतं’ असं ज्यांना सांगितलं, त्यांना तेच जेवण जेवून जास्त पोटभर वाटलं, आणि तृप्तीचं जीएलपी-१ हे संप्रेरक त्यांच्या रक्तात अडीच पटीने वाढलं. नुसत्या कागदाने! माझ्याकडे एक गृहस्थ अहवाल घेऊन आले, त्यावर लाल अक्षरांत ‘उच्च जोखीम’. त्यांनी फिरणं बंद केलं होतं. ‘आता काय उपयोग,’ म्हणाले. त्यांना परत चालतं करायला मला चार महिने लागले.

यालाही अपवाद आहे. वजन अगदी तान्हेपणापासून अफाट वाढत असेल, मूल खाण्यासाठी रात्री उठत असेल, घरात तसं आणखी कोणी असेल, तर हे आहारतज्ज्ञाचं काम नाही. बालरोगतज्ज्ञांकडून संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे जा. १९९७ मध्ये एकाच कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांत लेप्टिन अजिबात तयार होत नसल्याचं सापडलं, आणि पुढे लेप्टिनच्या इंजेक्शनांनी अशा मुलांची भूक आणि वजन दोन्ही उतरली. अशा ठिकाणी योग्य तपासणी आयुष्य बदलते.

१३. एका मोठ्या अभ्यासात एफटीओवाले उलट कमी कॅलरी खातात असं आलंय म्हणे. मग प्रश्न ४चं उत्तर चुकलं का?

चुकलेलं नाही, पण प्रश्न अगदी रास्त आहे. २०१४ मध्ये १,७७,३३० प्रौढांच्या माहितीत जोखमीच्या प्रतीबरोबर दिवसाच्या नोंदलेल्या कॅलरी किंचित कमी आणि प्रथिनांचा वाटा किंचित जास्त दिसला. फरक इतका लहान की एका बिस्किटाइतकाही भरणार नाही. ‘नोंदलेल्या’ हा शब्द मात्र लक्षात घ्या. असे अभ्यास लोकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असतात आणि वजन जास्त असणारी माणसं आपलं खाणं कमी लिहितात, हे पुष्कळ वेळा दिसून आलं आहे. बरेच जण आधीच पथ्यावर असतात, त्यामुळेही आकडा खाली येतो. घ्रेलिनचा किंवा कोर्म्याचा प्रयोग मोजमापाचा होता, माणसं थोडी होती. हा अभ्यास आठवणीचा, माणसं प्रचंड. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात.

माझ्या वह्यांतही हेच होतं. लोक खोटं लिहीत नाहीत, त्यांना ते खाणं वाटतच नाही. म्हणून वही देताना मी सांगते, पोळ्या लाटता लाटता तोंडात टाकलेले दाणे लिहा. मुलाच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा लिहा. पातेलं घासायला टाकण्याआधी खरवडून खाल्लेली खिचडीही लिहा.